नाक्यावरची खुशाली

ता. १२ फेब्रुवारी ७८, रविवार

पूजा झाली, भस्म लावलं, मग रोजच्यासारखी घरातली फेरी. सूनबाई, गुडघा कसा? "उतार आहे मामा, पण जिना नको म्हणतोय." मग मुलगा. मल्लू, खोकला? "होटगीला ड्यूटीवर आसलो की येत न्हाय, घरी आलो की येतो." (खोकला नव्हे तो, सूनबाईच्या फोडणीचा ठसका.) भिंतीपलीकडच्या इमामला हाक मारून मोतीबिंदूचं विचारलं. "अण्णा, तुम धुंदले दिखते, बाकी सब साफ." नाक्यावर माझ्या हाताखाली शिपाई होता तेव्हापासून जीभ तश्शीच.

शेवटी नात. विजू, डोळे कसे आहेत? रात्रंदिवस वाचतीस.

"सगळं बरं आहे आज्जा."

हे काही मला आवडलं नाही.

अक्कलकोट रोडच्या जकात नाक्यावर माझा जन्म गेला. गाडीवान आला की मी कधी पोत्याकडं बघितलं नाही. आधी घरची खुशाली, एकेकाची. म्हातारी कशी आहे, बायको कशी, डावा बैल कसा. खरं बोलणारा प्रत्येकाचं वेगळं रडगाणं सांगतो. म्हातारीचे दात, बायकोचा राग, बैलाचा खूर. ज्याच्या पोत्यात दुसरं पोतं आहे तो एका दमात सांगून मोकळा, "समदं बरं हाय की सायेब." मग पोत्यात सळई घालायची.

या घरात जन्मलेल्या पोरीला हे ठाऊक नाही असं नाही. तरी म्हणाली, सगळं बरं. काहीतरी दाबून बसली आहे. एम.ए.चं शेवटचं वर्ष, विषय लोकप्रशासन. मुलगाबिलगा आहे की काय?

बघू.

ता. १६ फेब्रु., गुरुवार

पोत्यातलं पोतं आज स्वतःच्या पायानं घरी आलं. विजूचे प्रोफेसर साठे. साधा माणूस, चपला दाराबाहेर नीट जोडीनं काढल्या. पण हातात गुळगुळीत कागदाचं पुस्तक, वर कालवा आणि सायकली.

हॉलंड देशात एक संस्था आहे म्हणे. आपल्यासारख्या नव्यानं मोकळ्या झालेल्या देशांतली पोरं तिथं सरकारी कारभार शिकतात. दीड वर्षाचा कोर्स. जाणं-येणं, राहणं-खाणं तेच बघतात. पुढं जागतिक कचेऱ्यांत काम मिळतं. आज आफ्रिका, उद्या आणखी कुठं. एखाद्या देशाला टपालखातं उभारायचं असलं, नगरपालिका बसवायची असली, तर अशी माणसं बोलावतात.

सर म्हणाले, "अण्णा, तुमची नात जिल्ह्यात मावणारी नाही."

मी म्हणालो, "जिल्ह्यानं काय घोडं मारलंय?"

परक्या मुलखातली माणसं आमची पोरगी फुकट नेणार, जेवू घालणार, शिकवणार. का? त्यांना काय मिळतं? हसले. सर, तुम्हाला काय मिळतं? "समाधान." समाधान नावाचा माल आमच्या दरपत्रकात नव्हता.

ते गेल्यावर विजू म्हणाली, "म्हणूनच सांगितलं नव्हतं. तुम्ही सळई घेऊनच बसणार."

"मग? हार घेऊन बसू?"

सूनबाई आतून हसली. मल्लूनं टोपी घातली, होटगीच्या गाडीला निघून गेला. गाडीला अजून बराच अवकाश होता.

ता. २ मार्च, गुरु.

अर्जासोबत वि.ला निबंध लिहायचा आहे, इंग्रजीत. आपल्या गावातल्या एका कचेरीचं काम कसं चालतं. पोरीनं निवडलं काय, तर जकात नाका.

"आज्जा, गाड्या किती वेळ थांबायच्या?"

"थांबायच्या. थांबल्याशिवाय नाका कसला."

"पण का थांबायच्या?"

"साहेब जेवायला गेला म्हणून, पेन वाळलं म्हणून, गाडीवानाचं तोंड आवडलं नाही म्हणून."

हे सगळं ती भराभरा लिहून घेत होती. मी हात धरला. हे वाचणार कोण? तिकडचे गोरे वाचून आमच्या नगरपालिकेला हसणार काय? म्हणाली, "हसायला नाही. गाडीवानाचा वेळ वाचवायचा कसा, हे शिकायला जायचंय. त्यात तुम्ही पण आला, गाडीवान पण आला."

जरा बरं वाटलं. तरी निम्मंच सांगितलं. इमामचं नाव घालू नको म्हटलं. इमाम भिंतीपलीकडून: "डालने दे ना अण्णा, हालेंड में तो नाम होता मेरा!"

मी चौथी शिकलेला. इंग्रजी अक्षरं पोत्यांवरच्या शिक्क्यांवरून जुळवली. माझ्या नाक्याची गोष्ट इंग्रजीत. गंमत वाटली, आणि लगेच शंका. गंमत वाटायला लागली की माणूस ढिला पडतो.

ता. ११ मार्च, शनिवार

शिवरात्रीचा उपवास संपवून अंगात बळ आलं, तसा साठे सरांच्या घरी जाऊन थडकलो. न सांगता. माल तपासायचा तर वर्दी देऊन जायचं नसतं.

मनात खुटखुट होती ती अशी, की सरांचा कुणी भाचा-पुतण्या तिकडं बसला असेल आणि आमची पोरगी शिष्यवृत्तीच्या नावानं त्याच्या गळ्यात. असं होतं. वाचलं आहे.

चहा आला. मी सुरू केलं. सर, वहिनी कशा आहेत? "दमा आहे. धुळीच्या दिवसांत खिडकी उघडायची की नाही यावरून आमचं रोज भांडण." चिरंजीव? "इंटरला दोनदा बसला. आता रेडिओ दुरुस्त करतो. माझ्याशी बोलत नाही, रेडिओशी बोलतो." आई? "आई मला ओळखत नाही आता. पोस्टमनला ओळखते. मला विचारते, तुमचं पत्र कुठून येणार आहे?"

मी पुढचं विचारलंच नाही. भाच्या-पुतण्याचंही नाही. तरी ते आपणहून म्हणाले, "त्या संस्थेसाठी पूर्वी माझं नाव लागलं होतं. वडील गेले, राहिलं. विजयाचं नाव मी त्याच जुन्या कागदावरच्या पत्त्यावर कळवलंय."

सळईला नुसती ज्वारी लागली.

घरी येताना वाटलं, हे पण फार चांगलं जमवून सांगितलं नसेल ना? मग स्वतःचीच लाज वाटली. पण थोडीच.

ता. २० एप्रिल, गुरु.

निवड झाली!! सर धापा टाकत आले. पाटीवर पहिल्यांदा स्वतःचं नाव बघितल्यासारखी विजू त्या पत्राकडं बघतच राहिली. सूनबाईनं हुग्गी केली, गव्हाची खीर, गूळ जरा जास्तच. इमामच्या घरी वाटी पाठवली, वाटी परत आली ती शिरखुर्मा भरून. मोतीबिंदूच्या माणसानं सुकामेवा कसा निवडला कोण जाणे, एक खडा लागला.

सप्टेंबरच्या सुरुवातीला हजर व्हायचं. पासपोर्टचा अर्ज मुंबईला जायचा. सरच म्हणाले, भरून टाकतो.

मल्लू जेवताना उठला. हुग्गी ताटात तशीच. "का रे?" "पोट भरलं की अप्पा." एवढी भूक मारणारा आनंद मी पाहिला नव्हता.

ता. १४ जून, बुध.

पासपोर्ट नाही. तिच्याबरोबर कोल्हापूरच्या ज्या मुलानं अर्ज दिला त्याला मिळाला. वि. रोज पोस्टमनच्या वाटेवर उभी. काल म्हणाली, "ऑगस्टअखेर निघाले नाही तर जागा दुसऱ्याला देतील. यादीत खाली एक मुलगी आहे, नेपाळची." मग स्वतःच म्हणाली, "ती पण हुशार असेल." चेहरा बघवत नाही.

सरांनी अर्ज खरंच टाकला का? की खिशात? परत त्यांच्याकडं गेलो. पोचपावती दाखवली. पोचपावती खरी वाटली. पण खोट्या पावत्याही खऱ्या वाटतात, हे मला सांगायला नको.

मग मुंबईच्या कचेरीवर संशय. मग पोस्टमनवर. त्याला सकाळी पाणी दिलं, खुशाली विचारली, त्यानं बहिणीच्या दिराच्या गायीपर्यंत सगळं सांगितलं. सुटला.

इमामला सांगितलं. तो म्हणाला, "अण्णा, पोलिस आया था क्या घर कू? पासपोट में पोलिस पूछने कू आता. हमारे भांजे का बी आया था, दुबई के टैम."

घरात विचारलं. पोलीस? कुणी नाही आलं. सूनबाई म्हणाली नाही. विजू म्हणाली नाही. मल्लू म्हणाला, "आमच्याकडं कशाला येतोय पोलीस."

मल्लूनं उत्तर दिलं नाही, उलट प्रश्नच केला. नोंद करून ठेवतो.

ता. ६ जुलै, गुरु.

आज चौकीत गेलो. आयुष्यात पहिल्यांदा, टेबलाच्या अलीकडच्या बाजूला बसून.

माने हवालदार, माढ्याकडचे. सुरुवातीला रुबाब. "काय काम?" मी म्हणालो, काम आहेच, आधी तुमची तब्येत? चमकले. आई? मग माणूस मोकळा झाला. आई पडली, मांडीचं हाड. धाकट्या भावाला उसाच्या पाण्याची काळजी, आईची नाही. बायको महिनाभर माहेरी जाऊन बसली होती, कारण यांनी लेकीच्या बारशाला युनिफॉर्म घालून हजेरी लावली. लेक मात्र गोड, पण रडती तवा अख्खी पोलीस लाईन जागी हुती.

प्रत्येकाचं वेगळं. म्हटलं, या माणसाच्या पोत्यात जे लिहिलंय तेच आहे.

मग सावकाश विजूचं नाव काढलं. त्यांनी कपाळ पुसलं.

"अण्णा, मी आलो हुतो की. मे म्हैन्यात. दारात तुमचा मुलगाच हुता. म्हणाला, पोरगी हितं न्हाय ऱ्हात, अक्कलकोटला आत्याकडं असती, तितंच कायमची. मी तसं लिवून टाकलं. मला काय म्हायती?"

मी पाणी मागितलं.

माझा मल्लू.

रस्ताभर एकच हिशेब लागत होता. आत्या म्हणजे माझी लेक गंगू, अक्कलकोटची. तिचा मुलगा लग्नाचा. गंगूनं शब्द टाकला असणार, मल्लूनं सोयरिकीचा नारळ घेतला असणार, आमच्यात आत्याच्या घरी मुलगी द्यायचीच रीत. सगळं तयार, फक्त मला आणि पोरीला सोडून. रागानं डोकं भणभणलं. घरी नुसता सूनबाईचा गुडघा विचारला. "बरा आहे." हिलाही ठाऊक आहे काय?

ता. ७ जुलै, शुक्र.

मल्लूची दिवसाची ड्यूटी. सकाळच्या गाडीनं होटगीला गेलो. मल्लू तिथं सांधेवाला आहे, केबिनमध्ये खटके ओढून गाड्यांचे रूळ जुळवतो. मी त्याच्या केबिनमध्ये कधी गेलो नव्हतो. वर चढायला परवानगी नाही, पायरीवरच बसलो. तो खाली आला.

"अप्पा, हितं कसं?"

"असंच. कसा आहेस?"

"बराय की."

"सूनबाई?"

"बरी हाय."

"विजू?"

"समदं बरं हाय की अप्पा."

मी नुसता बघत राहिलो. त्यालाही कळलं. लहानपणी मी याला बरोबर घेऊन नाक्यावर बसायचो, चिंचेच्या सावलीला. या वाक्यानंतर काय होतं ते यानं शेकडो वेळा पाहिलंय.

विजापूरच्या गाडीची घंटी झाली. वर गेला. दोन्ही हातांनी खटका ओढला, अंग मागं झोकून. मालगाडी असावी इतकी हळू गेली, डब्यात बायका, पोरं, गठुडी. एका पोरानं हात हलवला. मल्लूनं नाही हलवला. खाली आला.

मी म्हणालो, "गंगूनं नारळ दिला?"

"आक्काचा काय संबंध न्हाय. आक्काला तर म्हायती बी न्हाय."

"मग?"

पायरीवर माझ्याशेजारी बसला.

"अप्पा, ईस वर्सं झाली. माज्या हातनं जितकी गाडी गेली, एकबी माघारी बघून गेली न्हाय. मी रूळ लावायचा, ती जाणार. आता माजी पोरगी बी मीच लावून देऊ? दीड वर्स म्हंती. मग आफ्रिका म्हंती. मग? ती येती काय परत ह्या घरात, जिन्यावर चढून, भाकरी खायाला? तुमी सांगा. तुमाला समदं कळतं की."

गंगूवर विनाकारण राग धरला, तो कुठं ठेवावा कळेना.

शेवटी म्हटलं ते असं. "मल्लू, मी जन्मभर गाड्या थांबवल्या. रागानं, संशयानं, कधी उगाच. पण एकही गाडी ठेवून घेतली नाही रे. तसा हुकूम नव्हता. नाक्याचं काम बघायचं आणि सोडायचं."

तो म्हणाला, "तुमी सोडताना रडत न्हवता."

"परक्याची गाडी होती."

दोघांनी मिळून कडक भाकरी आणि शेंगाचटणी खाल्ली. तो खोकला. तिथं फोडणी नव्हती.

ता. १२ जुलै, बुध.

माने हवालदार परत आले. मीच गळ घालून आणवलं. दार मल्लूनं उघडलं, आम्हा कुणाला पुढं होऊ दिलं नाही.

"मुलगी कुठं राहते?"

"हितंच. जन्मल्यापासनं."

"मागं तर..."

"मागं मी खोटं बोललो. लिवा तसं."

माने म्हणाले, तसं लिहायचा रकाना नाही. विजू आतल्या दारात उभी. तिला तेव्हाच सगळं कळलं. बापाकडं बघत राहिली. रागावेल वाटलं. पुढं आली आणि मान्यांना म्हणाली, "चहा घेऊन जा काका. लेक कशी आहे तुमची?"

माने अर्धा तास हलले नाहीत. लेकीला दात येतायत.

जाताना मी त्यांनी काय लिहिलं ते मोठ्यानं वाचून घेतलं. दोनदा.

ता. २६ ऑगस्ट, शनि.

पासपोर्ट मागच्या आठवड्यात आला. आज निघाली. मल्लू मुंबईपर्यंत बरोबर जातोय, रजा टाकून. सूनबाईनं शेंगाचटणीचा डबा, कडक भाकऱ्या, वर तीन कापडं गुंडाळून. मी म्हटलं, तिकडच्या नाक्यावर उघडतील. "उघडू देत," सूनबाई म्हणाली, "त्यांनाही ठसका लागू दे."

साठे सर स्टेशनवर. पाया पडली तर मागं सरकले, आणि मग डोळे पुसायला तोंड फिरवून वेळापत्रकाची पाटी वाचत बसले. इमाम म्हणाला, "बेटी, वहाँ मेरा नाम बोलना, नाका मास्टर इमाम." शिपाई होता. बढती त्याची त्यानं घेतली.

मी जवळ घेतलं. म्हटलं, विजू, पत्रात एकेकाचं लिही. खोलीचं, जेवणाचं, शिकवणाऱ्यांचं. वेगवेगळं.

"ठाऊक आहे आज्जा," म्हणाली. हसली.

गाडी हलली. तिनं खिडकीतून मागं बघितलं. नजरेआड होईपर्यंत बघत होती. मल्लूनं पण बघितलं असेल, तिच्या शेजारीच बसला होता.

ता. ९ ऑक्टोबर, सोम.

विमानाचं पातळ निळं पत्र आलं. पहिलं पोचल्याचं पत्र होतं, चार ओळींचं, ते मी धरत नाही. हे दुसरं.

सगळ्यांना वाचून दाखवलं. पोचले, वर्ग सुरू झाले, थंडी आहे. शेवटी: "इथं सगळं बरं आहे. काळजी करू नका."

सूनबाईनं हात जोडले. "बरं झालं बाई." मल्लू भिंतीला टेकून उभा होता.

"अप्पा, समदं बरं हाय म्हंती?"

"म्हणती."

माझ्याकडं बघत राहिला. मीही. मग कामाला निघून गेला. आज गाडीला वेळ होता, तरी.

दिवसभर तेच डोक्यात. या घरातली पोरगी हे वाक्य असंच लिहील? घाईत लिहिलं? आईच्या समाधानासाठी? की मुद्दाम, म्हणजे सगळ्यांनी बरं समजावं आणि मला एकट्यालाच कळावं? चटणीचं अवाक्षर नाही. खोलीत कोण आहे ते नाही. त्या नेपाळच्या मुलीचं काय झालं, एवढं तरी लिहायचं. सरांना दाखवावं का? त्यांना दमा असलेली बायको आणि हरवलेली आई पुरे. इमाम म्हणेल, अण्णा, तुम धुंदले दिखते.

परत बोलवायची भाषा नाही काढायची. बघायचं आणि... पुढचं मल्लूला मीच सांगितलं आहे.

उत्तर लिहायला बसलो. आधी इथं कच्चं लिहून घेतो, मग तसल्याच निळ्या पत्रावर.

चि. विजयास अनेक आशीर्वाद. तुझी आई कशी आहे ते तिच्या गुडघ्याला विचार, तो जिन्यावर चढला. तुझ्या बापाचा खोकला होटगीत वाढला, घरात कमी. इमामनं डोळ्याचं ऑपरेशन करून घेतलं, आता मला ओळखतो आणि पस्तावतो. आता तू. खोलीत तुझ्याबरोबर कोण राहतं, ती झोपेत बोलते का? थंडीला अंगावर काय घेतेस? तिथल्या मास्तरांपैकी कोण चिडका, कोण झोपाळू? जेवणात तुला न आवडणारं काय? रात्री रडू येतं का, आलं तर कुठल्या वेळी? चटणीचा डबा नाक्यावर कुणी उघडला, त्याला ठसका लागला का, की तो डबा तूच अजून उघडला नाहीस? एकेकाचं वेगळं लिही. वाईट असेल ते आधी. मी तुझ्या आईला वाचून दाखवताना माझ्या अकलेनं वाचीन.

पोस्टमनला आता माझ्या पावलांचा आवाज कळतो. लवकर लिही.